हातातल्या शिरेतून हृदयापर्यंत

छाती न उघडता हृदयाची झडप बदलता येते, हे आता पुष्कळांच्या कानावर असते. जांघेतल्या रक्तवाहिनीतून एक बारीक नळी आत सरकवायची, तिच्या टोकावर मिटवून बसवलेली झडप हृदयापर्यंत न्यायची आणि जागेवर पोचली की ती उघडायची. ज्यांचे वजन खूप जास्त आहे अशा रुग्णांसाठी या वाटेचे महत्त्व अधिक. छातीचे मधले हाड उभे कापून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर जखम चिघळणे, हाड नीट न सांधणे, फुप्फुसे पुरती न फुलणे या अडचणी लठ्ठ रुग्णांत जास्त दिसतात. सोबत मधुमेह असेल तर धोका आणखी वाढतो.

पण शरीराच्या एका टोकाच्या रक्तवाहिनीतून थेट हृदयात नळी नेता येते आणि त्याने माणूस मरत नाही, हे कुणीतरी आधी दाखवावे लागले. ते दाखवणारे होते जर्मनीतले पंचविशीच्या आसपासचे एक शिकाऊ डॉक्टर, वर्नर फोर्समान. त्यांना त्याची किंमत मोजावी लागली, आणि श्रेय मिळाले ते सत्तावीस वर्षांनी.

फोर्समान यांचा जन्म 29 ऑगस्ट 1904 रोजी बर्लिनमध्ये झाला. पहिल्या महायुद्धात वडील मारले गेले, तेव्हा वर्नर बारा वर्षांचे होते. आई आणि आजी यांनी त्यांना वाढवले. शाळा संपल्यावर त्यांनी बर्लिन विद्यापीठात वैद्यकशास्त्राला प्रवेश घेतला. 1929 मध्ये पदवी हाती आल्यावर ते बर्लिनच्या ईशान्येला असलेल्या एबर्सवाल्डे या लहान गावातल्या रुग्णालयात शस्त्रक्रियेचे शिक्षण घेण्यासाठी रुजू झाले. तिथले प्रमुख डॉ. रिचर्ड श्नायडर हे त्यांच्या कुटुंबाच्या ओळखीतले होते.

त्या काळी हृदय ही डॉक्टरांच्या दृष्टीने हात न लावण्याची जागा होती. छातीवर कान किंवा नळी लावून आवाज ऐकायचा, नाडी पाहायची, एक्स-रेत सावली किती मोठी दिसते ते पाहायचे, फार तर ईसीजी काढायचा. आत दाब किती आहे, रक्त कुठून कुठे जाते, कोणती झडप किती बिघडली आहे, हे जिवंत माणसात मोजण्याचे साधन नव्हते. हृदय बंद पडू लागले तर एकच जालीम उपाय होता. लांब सुई छातीतून थेट हृदयात खुपसायची आणि औषध टोचायचे. ही सुई आंधळेपणानेच घातली जाई. ती हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत शिरू शकत असे, हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साचू शकत असे किंवा फुप्फुसाला छिद्र पडू शकत असे. वाचवण्यासाठी टोचलेली सुईच कधी जिवावर बेते.

औषध हृदयापर्यंत पोचवण्याची याहून सुरक्षित वाट असली पाहिजे, असे फोर्समान यांना वाटत होते. विद्यार्थिदशेत पाहिलेले एक चित्र त्यांच्या मनात घर करून होते. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या शोव्हो आणि मारे या दोघा शास्त्रज्ञांनी घोड्याच्या मानेतल्या शिरेतून हृदयात नळी घालून आतला दाब मोजला होता. घोड्याला काही झाले नाही, तर माणसाला का व्हावे, हा त्यांचा साधा प्रश्न होता. मानेऐवजी कोपराच्या घडीतली शीर घेतली तर काम आणखी सोपे होईल, असा त्यांचा हिशेब होता. ही शीर वरच असते, सहज सापडते आणि तिच्यातले रक्त पुढे हृदयाकडेच जाते. मृतदेहांवर त्यांनी हे करून पाहिले. कोपरापाशी शिरेत घातलेली नळी फारशी आडकाठी न होता हृदयाच्या उजव्या बाजूला पोचत होती.

हाच प्रयोग जिवंत रुग्णावर करण्याची परवानगी त्यांनी श्नायडर यांच्याकडे मागितली. श्नायडर यांनी नकार दिला. मग स्वतःवर करतो, असे फोर्समान म्हणाले. त्यालाही नकार मिळाला. श्नायडर यांची अडचण समजण्यासारखी होती. हृदयाच्या आतल्या भिंतीला परकी वस्तू लागली तर ठोके विस्कटतील आणि माणूस जागीच जाईल, असे तेव्हाच्या बहुतेक डॉक्टरांना वाटे. तसे झाले असते तर एका विधवेचा मुलगा आपल्या रुग्णालयात मेला, याचे उत्तर त्यांनाच द्यावे लागले असते.

फोर्समान यांनी ऐकले नाही. आधी त्यांनी एका सहकाऱ्याला मदतीला घेतले. नळी 35 सेंटिमीटर आत गेली आणि सहकाऱ्याचा धीर सुटला. फोर्समान यांना कसलाही त्रास होत नव्हता, तरी प्रयोग तिथेच थांबला. यापुढे सोबत कुणी नको, असे त्यांनी ठरवले. पण निर्जंतुक उपकरणांच्या कपाटाची किल्ली शस्त्रक्रिया विभागातल्या परिचारिका गेर्डा डिट्झेन यांच्याकडे होती. फोर्समान यांनी त्यांना आपली कल्पना समजावून सांगितली. डिट्झेन यांना ती इतकी पटली की प्रयोग माझ्यावर करा, असे त्या स्वतःच म्हणाल्या. फोर्समान यांनी होकार दिला, पण तो खरा नव्हता.

त्यांनी डिट्झेन यांना टेबलावर झोपवून हातपाय बांधले. मग त्यांची पाठ वळली तशी स्वतःच्या डाव्या कोपराला भूल दिली, शीर उघडली आणि मूत्रमार्गासाठी वापरतात तसली बारीक लवचीक नळी आत सरकवायला सुरुवात केली. आपण फसवले गेलो, हे डिट्झेन यांच्या लक्षात आले तेव्हा नळी बरीच पुढे गेली होती. फोर्समान यांनी त्यांना सोडवले आणि दोघे एक्स-रेच्या खोलीकडे निघाले. ती खोली खालच्या मजल्यावर होती. हातातून नळीचे टोक बाहेर लोंबते आहे, दुसरे टोक खांद्यापाशी पोचले आहे, अशा अवस्थेत ते जिना उतरले.

खाली डिट्झेन यांनी आरसा धरला, त्यात पडद्यावरची सावली पाहत फोर्समान नळी पुढे ढकलत राहिले. मधेच तो पहिला सहकारी धावत आला आणि नळी ओढून काढू पाहू लागला. त्याला दूर लोटावे लागले. अखेर 65 सेंटिमीटर नळी आत गेली, तेव्हा तिचे टोक हृदयाच्या उजवीकडच्या वरच्या कप्प्यात होते. वाटेत शिरेच्या भिंतीला नळी घासताना थोडे गरम वाटले, थोडा खोकल्यासारखा त्रास झाला, एवढेच. छातीचा एक्स-रे काढला गेला. आजही वैद्यकाच्या इतिहासाच्या पुस्तकांत छापला जातो तो हाच.

ही गोष्ट धाडसाची म्हणून सांगितली जाते, आणि ती आहेच. पण तिची दुसरी बाजूही आहे. वरिष्ठांचा आदेश मोडला गेला आणि विश्वास टाकणाऱ्या परिचारिकेला फसवून बांधून ठेवले गेले. आज कोणत्याही रुग्णालयाची नैतिकता समिती असा प्रयोग होऊ देणार नाही. काही बिघडले असते तर ही वाट कितीतरी वर्षे बंद झाली असती. डिट्झेन यांचे नाव या कथेत बहुधा एका वाक्यापुरते येते. पण त्यांनी किल्ली दिली नसती आणि आरसा धरला नसता, तर तो एक्स-रे निघालाच नसता.

श्नायडर आधी संतापले. मग एक्स-रे पाहून त्यांना त्याचे मोल कळले. मरणपंथाला लागलेल्या एका रुग्णाला याच मार्गाने औषध देण्याची मुभा त्यांनी फोर्समान यांना दिली. नोव्हेंबर 1929 मध्ये फोर्समान यांचा लेख एका जर्मन वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. त्याआधीच ते बर्लिनच्या प्रसिद्ध शारिटे रुग्णालयात दाखल झाले होते. तिथले प्रमुख फर्डिनंड झाउअरब्रुख म्हणजे त्या काळचे युरोपातले बडे प्रस्थ. छाती उघडून शस्त्रक्रिया करण्याची पद्धत त्यांनीच घडवलेली. लेखावरून वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला. दुसऱ्या एका बर्लिनच्या डॉक्टरांनी हा प्रयोग आम्ही कित्येक वर्षांपूर्वीच केला आहे, असा दावा केला. त्यांच्याकडे एक्स-रेचा पुरावा नव्हता, पण वाद पेटला. असली कसरत सर्कशीत शोभते, चांगल्या रुग्णालयात नाही, या आशयाचा शेरा मारून झाउअरब्रुख यांनी फोर्समान यांना घरी पाठवले.

फोर्समान एबर्सवाल्डेला परतले, पुढे पुन्हा काही काळ शारिटेत आले, पण हृदयाच्या कामाला तिथे वाव नव्हता. हृदयाचे कप्पे एक्स-रेत दिसावेत म्हणून नळीतून रंगद्रव्य सोडण्याचे प्रयोग त्यांनी कुत्र्यांवर केले आणि मग पुन्हा स्वतःवरही. कुत्र्यांत चित्र उमटले. माणसात त्या वेळच्या यंत्रांना ते नीट पकडता आले नाही. कल्पना बरोबर होती, साधने मागे होती. पाठीशी संस्था नव्हती आणि गुरूही नव्हता. अखेर हृदयाचा नाद सोडून ते मूत्ररोगांकडे वळले. 1933 मध्ये त्यांनी डॉ. एल्सबेट एंगेल यांच्याशी लग्न केले. त्यांना सहा मुले झाली.

याच काळातली एक गोष्ट टाळून त्यांचे चरित्र सांगता येणार नाही. 1932 मध्ये, हिटलर सत्तेवर येण्याच्या आधीच, ते नाझी पक्षाचे सभासद झाले. महायुद्धात ते लष्करी डॉक्टर होते आणि शेवटी अमेरिकनांच्या कैदेत सापडले. सुटका झाली, पण पक्षाच्या सभासदत्वामुळे काही वर्षे डॉक्टरी करण्यास बंदी आली. काही काळ त्यांनी लाकूडतोड करून पोट भरले. नंतर ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगराळ भागात पत्नीसोबत गावातल्या लोकांना तपासत ते राहिले. 1950 पासून बाड क्रॉयत्सनाख या गावात ते मूत्ररोगतज्ज्ञ म्हणून काम करू लागले. शेजारपाजारच्या लोकांच्या लेखी ते मुतखड्याचे डॉक्टर होते.

दरम्यान अटलांटिकच्या पलीकडे त्यांच्या नळीने वेगळाच प्रवास सुरू केला होता. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांना फुप्फुसे आणि हृदय मिळून कसे काम करतात ते मोजायचे होते. त्यासाठी हृदयाच्या उजव्या कप्प्यातले रक्त हवे होते. फोर्समान यांचा जुना लेख त्यांच्या हाती आला. त्यांनी आधी प्राण्यांवर, मग माणसांवर काळजीपूर्वक काम केले आणि 1941 मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. हृदयातला दाब, रक्तातला प्राणवायू, दर मिनिटाला हृदय किती रक्त ढकलते, हे सारे आकड्यांत मांडता येऊ लागले. जन्मजात छिद्रे आणि अरुंद झडपा यांचे निदान शस्त्रक्रियेआधीच पक्के होऊ लागले. हृदयशस्त्रक्रिया उभी राहिली ती बऱ्याच अंशी या मोजमापाच्या पायावर.

1956 मध्ये कूर्नां, रिचर्ड्स आणि फोर्समान या तिघांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले. लहान गावातल्या मूत्ररोगतज्ज्ञाला एकदम जगप्रसिद्धी मिळाली. पण मधल्या पाव शतकात शास्त्र खूप पुढे गेले होते. हृदयरोगाच्या संशोधनात परतण्याइतकी तयारी आता आपल्याकडे नाही, हे फोर्समान ओळखून होते. पुढे ड्युसेलडॉर्फच्या एका रुग्णालयात त्यांनी शस्त्रक्रिया विभाग सांभाळला, 1970 मध्ये निवृत्त झाले, आणि दोन वर्षांनी त्यांचे आत्मचरित्र आले. 1 जून 1979 रोजी त्यांचे निधन झाले. कारण हृदयविकारच होता.

नळीचा प्रवास मात्र थांबला नाही. 1977 मध्ये झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी नळीच्या टोकावरचा फुगा फुगवून हृदयाची अरुंद धमनी रुंद केली. 1980 च्या दशकात जपानच्या कांजी इनोऊए यांनी तोच विचार झडपेला लावला. र्‍हुमॅटिक तापाने चिकटलेली मायट्रल झडप फुग्याने मोकळी होऊ लागली. आपल्याकडे हा ताप लहान वयात येऊन झडप बिघडवतो, त्यामुळे भारतातल्या कितीतरी तरुण स्त्री-पुरुषांना छाती न उघडता दिलासा मिळाला तो याच फुग्याने. आणि 16 एप्रिल 2002 रोजी फ्रान्समधल्या रूआँ शहरात आलँ क्रिबिए यांनी नळीवाटे संपूर्ण नवी महाधमनी झडप बसवली. तो रुग्ण 57 वर्षांचा होता. त्याची प्रकृती इतकी ढासळलेली होती की छाती उघडून शस्त्रक्रिया करण्याचा पर्यायच उरला नव्हता. ही पद्धत आज टावी या नावाने ओळखली जाते.

लठ्ठ रुग्णांच्या बाबतीत आज दोन वाटा आहेत. एक ही नळीची. दुसरी म्हणजे लहान छेदाची शस्त्रक्रिया. तिच्यात मधले हाड अर्धेच कापतात किंवा हाडाला हात न लावता उजवीकडे दोन बरगड्यांच्या मधून झडपेपर्यंत जातात. सुरुवातीच्या काळात जास्त वजनाच्या रुग्णांना लहान छेदासाठी नको म्हटले जाई. कारणे खरी होती. छातीची भिंत जाड, त्यामुळे हृदय खोल आणि नेहमीची उपकरणे अपुरी. एका फुप्फुसावर श्वास चालू ठेवून भूल देणे कठीण. हार्ट-लंग मशीनच्या नळ्या जांघेतून घालायच्या, तर तिथेही चरबीचा थर. पण ज्याचे हाड सांधायला आणि जखम भरायला सर्वांत जास्त वेळ लागतो, त्यालाच लहान छेदाचा फायदा सर्वांत जास्त होण्याचा संभव असतो. सराव असलेल्या शस्त्रक्रिया केंद्रांत आता केवळ वजनाच्या आकड्यावरून रुग्णाला नाकारले जात नाही.

नळीची वाटही सर्वस्वी सोपी नाही. जांघेतली धमनी चरबीखाली खोल असते, त्यामुळे ती नेमकी टोचणे आणि नंतर रक्तस्राव थांबवणे अवघड जाते. सोनोग्राफीचे चित्र धूसर येते, एक्स-रेची मात्रा वाढवावी लागते. शिवाय देह मोठा असेल तर त्याला रक्तही जास्त लागते. बसवलेली झडप त्या मानाने लहान पडली, तर ती चांगली चालत असूनही दम लागणे पुरते थांबत नाही. म्हणून कोणती वाट घ्यायची, हे वय, झडपेचा आकार, धमन्यांची स्थिती, मधुमेह आणि फुप्फुसांची ताकद पाहून हृदयरोगतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक यांनी एकत्र बसून ठरवायचे असते.

त्याआधीची एक पायरी मात्र रुग्णाच्या आणि घरच्यांच्या हाती आहे. वजन जास्त असलेल्या माणसाला जिना चढताना दम लागला की सगळे बोट वजनाकडे दाखवतात, तो स्वतःही. झडप अरुंद होण्याचे पहिले लक्षण नेमके हेच असते. जाड छातीतून झडपेचा बिघडलेला आवाज स्टेथोस्कोपला मंद ऐकू येतो, त्यामुळे निदान आणखी लांबते. दम पूर्वीपेक्षा लवकर लागू लागला, चालताना छातीत दडपण आले, चक्कर आली किंवा शुद्ध हरपली, तर वजन कमी झाल्यावर पाहू, असे म्हणत थांबू नये. इको तपासणी करून घ्यावी. झडप जितकी वेळेत कळेल, तितक्या जास्त वाटा खुल्या राहतात.

फोर्समान यांनी झडप बदलण्याचा विचारही केला नव्हता. छातीत सुई न खुपसता हृदयापर्यंत औषध कसे न्यावे, एवढेच त्यांना शोधायचे होते. त्यासाठी त्यांनी कोपरातली एक शीर निवडली. आज कोणत्याही मोठ्या शहरातल्या कॅथलॅबमध्ये, अँजिओग्राफीपासून झडपेपर्यंत, दिवसभर जे काम चालते त्याची पहिली 65 सेंटिमीटर वाट तीच होती.